शेअरच्या टिपा तिथे मिळत नाहीत! (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की गोव्यातली पोरं बीकॉम, बीए इकॉनॉमिक्स झाली की डोळे मिटून एमबीएला जातात, फायनान्शियल इकॉनॉमिक्सचं मास्टर्स असतं हे कुणाच्या गावीही नसतं. झालं, त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतेय.

प्रश्न : ताई, मी डिचोलीचा, टीवाय बीकॉमला आहे. मला फायनान्शियल इकॉनॉमिक्स करायचंय पण घरात सगळे म्हणतात त्यापेक्षा एमबीए फायनान्स कर, दोन्ही एकच. खरंच एकच आहे का? आणि गणित बारावीनंतर सुटलंय, बीकॉमला जे होतं तेवढंच. झेपेल का?

एकच नाहीये रे. आणि तू डिचोलीचा आहेस ना, मग तुला फरक समजवायला मला पुस्तकातलं उदाहरण शोधायला नको.

खाणी चालू होत्या तेव्हा तुमच्याकडे घराघरात ट्रक होते. कर्ज काढून घेतलेले. समज एक माणूस बँकेत आला आणि म्हणाला मला ट्रकला कर्ज द्या. एमबीए झालेला ऑफिसर काय बघेल, याची कमाई किती, खेपा किती मारतो, हप्ता बसतो का, जामीन कोण. बरोबरच आहे, ते त्याचं काम. पण फायनान्शियल इकॉनॉमिक्सवाला विचारेल की या बँकेने असे किती ट्रक पोसलेत, आणि हे सगळे एकाच दिवशी थांबले तर काय? आणि तेच झालं ना, २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या, मग परत चालू झाल्या म्हणेपर्यंत २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजेसचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून परत सगळं ठप्प. ट्रक उभा, तो दुरुस्त करणारं गॅरेज बंद, ड्रायव्हरांना भाड्याने दिलेल्या खोल्या रिकाम्या, चहाच्या गाड्यावर माशा. लोकांना वाटत होतं आपल्याकडे चार उत्पन्नं आहेत, खरं तर होतं एकच, चार नावांचं.

असं सगळं एकदमच वर-खाली होण्याला आमच्या विषयात कोरिलेशन म्हणतात, आणि हॅरी मार्कोविट्झ नावाच्या माणसाने १९५२ मध्ये हेच गणितात मांडलं, पुढे १९९० ला त्याला नोबेल मिळालं. आकड्यात सांगते. दोन धंदे घे, दोघांचंही उत्पन्न वर्षाला सरासरीच्या २० टक्के इकडेतिकडे होतं असं धर. पैसे निम्मे निम्मे घातलेस. दोन्ही धंदे एकदम चढतात एकदम पडतात असे असतील तर तुझी एकूण जोखीम २० च राहणार, दोन धंदे करून काडीचा फायदा नाही. पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नसेल तर तीच जोखीम साधारण १४ वर येते. धंदे तेच, पैसे तेवढेच. ट्रक आणि गॅरेज म्हणजे पहिला प्रकार, ट्रक आणि काजूची बाग म्हणजे बराचसा दुसरा. हे वाचून तुला "अरे, हे १४ कुठून आलं" असं वाटलं असेल तर हा विषय तुझा. "मग काजूची बाग घ्यायची का" असं वाटलं असेल तर एमबीए कर, चेष्टा नाही करत, त्याचीही गरज असते जगाला.

आता गणित. इथेच घोडं पेंड खातं. हा कोर्स नावाला इकॉनॉमिक्स, पहिलं सेमिस्टर बघशील तर निम्मं गणितच. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, त्यावर स्टॅटिस्टिक्स, त्यावर इकॉनोमेट्रिक्स (म्हणजे आकडेवारी घेऊन अर्थशास्त्र तपासायचं), मग टाइम सिरीज आणि डेरिव्हेटिव्हज. वर आर नाहीतर पायथॉन या संगणकाच्या भाषांत कोड लिहायला लागतं. मी स्वतः बीकॉम करून राज्याबाहेर मास्टर्सला गेले तेव्हा पहिल्या इकॉनोमेट्रिक्सच्या टेस्टला ४० पैकी ७ मिळाले होते. सात! तो पेपर अजून आहे माझ्याकडे, त्यावर सरांनी लाल पेनाने फक्त "मॅट्रिक्स?" एवढंच लिहिलेलं, प्रश्नचिन्हासकट. बाजूला मॅथ्स ऑनर्स केलेल्या पोरी बसायच्या त्यांना डिमांड-सप्लाय म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण त्या तरल्या, मला डिमांड-सप्लाय पाठ होतं आणि मी बुडत होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा सगळे नरकासुर बघायला गेले आणि मी अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं काढून बसले, अगदी लिमिट्सपासून. दुसऱ्या सेमिस्टरला गाडी रुळावर आली. तर झेपतं, पण ती दिवाळी तू आत्ताच कर, कोर्स लागल्यावर नको.

एक छोटी परीक्षा देते, स्वतःची स्वतः घे. १०० रुपयांचा रोखा आहे, वर्षाला ७ रुपये व्याज, १० वर्षांनी मुद्दल परत. आज बाजारात तशाच रोख्यावर ८ टक्के मिळायला लागले. तुझ्या रोख्याला आज कोण किती देईल? उत्तर ९३ रुपये २९ पैसे. कॅल्क्युलेटर घेऊन हे का येतं ते शोध, एका संध्याकाळी नाही जमलं तर दोन घे. जमल्यावर मजा वाटली का, तेवढंच बघ.

कुठे करायचं हे लिहिलं नाहीस पण विचारणारच म्हणून सांगते. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये फायनान्शियल इकॉनॉमिक्स याच नावाने एमएस्सी आहे, १९३० ची संस्था, गोव्याहून रात्री बस पकडली की सकाळी पुणे. चेन्नईला मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, हैदराबाद विद्यापीठ, इथेही याच नावाची पदवी मिळते. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने काढलेली आयजीआयडीआर ही संस्था आहे, तिथे पदवी नुसती इकॉनॉमिक्सची, पण दर्जा एकदम वरचा, आणि प्रवेश मिळवणंही तसंच कठीण. घर सोडायचं नसेल तर ताळगावच्या पठारावर आपलं गोवा विद्यापीठ आहेच, तिथे एमए इकॉनॉमिक्स करून फायनान्सचे पेपर जास्तीत जास्त घेता येतात का ते विभागात जाऊन विचार. फोन करू नकोस, जा. नाव बघून कोर्स निवडू नकोस, दुसऱ्या आणि तिसऱ्या सेमिस्टरची पेपरांची यादी काढ. त्यात इकॉनोमेट्रिक्सचे निदान दोन पेपर नसतील तर बोर्डावर फायनान्शियल इकॉनॉमिक्स लिहिलंय म्हणून भुलू नकोस, आत साधं एमकॉमच निघतं कधीकधी.

आणि तारखा! आपल्याकडे पोरं रिझल्ट लागल्यावर मे-जूनमध्ये जागी होतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते, तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारासच निघतात. पैशांचं म्हणशील तर गोवा सरकारची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे, आणि मार्क चांगले असतील तर मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स ही शिष्यवृत्ती पण बघ, दोन्हीची माहिती पर्वरीला मिळेल.

प्रश्न : मी फोंड्याची गृहिणी. मुलगा २१ वर्षांचा, दिवसभर मोबाइलवर ऑप्शन का काय ते करतो. दीड लाख घालवले. आता म्हणतो फायनान्शियल इकॉनॉमिक्स शिकतो म्हणजे ट्रेडिंग पक्कं होईल, फीचे पैसे द्या. द्यावे का?

काकू, शिकायला पैसे द्या, पण या कारणासाठी नको.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अहवाल काढला होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे, करणाऱ्या साध्या लोकांचा हिशोब त्यांनी मांडला, १ कोटीच्या वर लोक होते, त्यातले ९३ टक्के तोट्यात. सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास गेले. म्हणजे तुमच्या मुलाचे दीड लाख ही त्याची एकट्याची चूक नाही, तो त्या ९३ मधला एक, त्याला फार बोलू नका.

आता हा कोर्स केल्यावर तो उरलेल्या ७ मध्ये जाईल का? ऐका गंमत. ऑप्शनची किंमत कशी काढायची याचं जगप्रसिद्ध सूत्र आहे, ब्लॅक-शोल्स, १९७३ चं. या कोर्सला गेलं की ते शिकवतातच, फळ्यावर दोन तास चालतं. त्यासाठी १९९७ मध्ये शोल्स आणि मर्टन या दोघांना नोबेल मिळालं, ब्लॅक त्याआधीच वारले होते. हे दोघे तेव्हा अमेरिकेत एका मोठ्या फंडात भागीदार होते, लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट म्हणून. नोबेलला वर्ष होतं न होतं तोच १९९८ मध्ये रशियाने कर्ज बुडवलं आणि हा फंड असा कोसळला की अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हला, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेला, बाकीच्या बँकांना एका खोलीत बसवून ३.६ अब्ज डॉलर जमवायला लावावे लागले. सूत्र ज्यांनी शोधलं त्यांची ही गत, मग ते शिकून आलेल्या फोंड्याच्या मुलाने काय समजायचं?

उलट या विषयाचा पायाच असा की बाजारात फुकट काही मिळत नाही. युजीन फामा या अर्थशास्त्रज्ञांनी आयुष्यभर हेच मांडलं की जी माहिती सगळ्यांना आहे ती किंमतीत आधीच आलेली असते, आणि रॉबर्ट शिलर यांनी दाखवलं की नाही हो, बाजार वेड्यासारखाही वागतो. दोघांना २०१३ मध्ये एकत्रच नोबेल दिलं! भांडण सुटलेलं नाही, पण टेलिग्रामवरच्या टिपेने श्रीमंत होतात असं दोघांपैकी कुणीच म्हणालेलं नाही.

मी सुचवते ते करून बघा. त्याला सांगा, सहा महिने एक रुपयाही न लावता वहीत ट्रेड लिही, ब्रोकरेज आणि टॅक्स धरून, आणि त्याचवेळी वरच्या डिचोलीच्या मुलाला सांगितलेलं गणित सुरू कर. सहा महिन्यांनी वही टाकून दिली आणि गणित चालू राहिलं तर फी भरा आनंदाने. वही राहिली आणि गणित सुटलं तर एफडीच बरी, काकू. आणि हो, तो कर्जाच्या ॲपवरून पैसे घेतोय का तेवढं बघा, ते या सगळ्याहून वाईट.

प्रश्न : मडगावचा आहे. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट होऊ शकतो. इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एमएस्सी करायचंय. आधी पासपोर्ट करू का, फी कमी पडेल असं सगळे सांगतात.

"सगळे" म्हणजे नाक्यावरचे ना? ती माहिती जुनी झाली. ब्रेक्झिटच्या, म्हणजे इंग्लंड युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या, आधी ते खरं होतं. २०२१-२२ च्या वर्षापासून इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्या युरोपियन विद्यार्थ्याला बाहेरच्या देशातला विद्यार्थी म्हणूनच फी लागते, व्हिसा पण काढावा लागतो. म्हणजे त्या पासपोर्टवर तू इंग्लंडमधल्या स्विंडनला मावशीकडे गेलास तरी विद्यापीठाच्या काउंटरवर तू आणि तुझा भारतीय पासपोर्टवाला मित्र एकाच रांगेत. आधीपासून तिथे स्थायिक असलेल्यांचं वेगळं, तू त्यात नाहीस.

खरा फायदा आहे तो युरोपात. लिस्बन, हॉलंड, जर्मनी, इथे युरोपियन नागरिकाला फी बरीच कमी, जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाहीच, आणि इंग्रजीतून मास्टर्स बऱ्याच ठिकाणी होतं. पण त्यांना बॅचलरला गणित-स्टॅटिस्टिक्सचे क्रेडिट किती ते मोजून हवे असतात, आपल्या बीकॉमवाल्यांचं तिथेच अडतं.

आणि दुसरी बाजू कुणी सांगितली का? पोर्तुगीज नागरिक झालास की भारतीय नागरिकत्व जातं. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड) घेतलंस तरी यूपीएससी देता येत नाही, आणि इथल्या कॉलेजात परत शिकायचं ठरवलंस तर एनआरआयच्या रांगेत उभं राहायचं. माझ्या ओळखीत एकाने फीसाठी पासपोर्ट बदलला आणि इंग्लंडला जाऊन पूर्ण फी भरली, आगीतून फुफाट्यात. तू आधी देश ठरव, मग कोर्स, पासपोर्ट शेवटी.

प्रश्न : पेडण्याची आहे, शाळा मराठीतून झाली. इंग्रजीची भीती वाटते.

सोड ती भीती. इकॉनोमेट्रिक्सच्या वर्गात पहिले दोन महिने इंग्रजी माध्यमवाल्यांनाही काही कळत नाही. बीटा, सिग्मा ग्रीक आहे, सगळ्यांनाच परकं. लिहिण्याचा सराव मात्र कर, रोज एक पान.

प्रश्न : मी साखळीचा, एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला (प्रबंधाला) "कोविडचा निफ्टीवर परिणाम" घ्यायचं म्हणतोय, गाइड हो म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

मला झोप येते. रागावू नकोस, पण या नावाची डिझर्टेशनं देशात पोत्याने असतील. डेटा फुकट, एका क्लिकवर, म्हणून सगळे तिथेच जातात. वर त्यात एक जुना खड्डा आहे, दोन गोष्टी नुसत्या वर्षानुवर्षं वाढत असतील तर त्यांचा एकमेकांशी संबंध नसला तरी रिग्रेशनमध्ये, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध मोजायच्या गणितात, झकास संबंध दिसतो. म्हापशाच्या बाजारातल्या नारळाचा दर आणि निफ्टी घे, दोन्ही चढलेत, आर स्क्वेअर (संबंध किती घट्ट ते सांगणारा आकडा) बघून वाटेल नारळानेच बाजार चालतो. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ लाच हे दाखवून दिलंय, तरी दरवर्षी कुणी ना कुणी त्यात पडतोच. निदान स्टेशनॅरिटी, म्हणजे आकडे नुसतेच एका दिशेने सरकत तर नाहीत ना ते, तपासल्याशिवाय गाइडकडे जाऊ नकोस.

विषय हवा असेल तर आपल्या दारात आहे. सहकारी बँका. माझी आत्या, मी नाव घेत नाही कुठल्या बँकेचं, पण आमच्याच भागातली, त्या बँकेवर निर्बंध आले तेव्हा सकाळी साडेसातला जाऊन पायरीवर बसली होती. एफडीच्या पावत्या काजू बियांच्या प्लॅस्टिक पिशवीत घडी करून, रबर लावून. बँक बुडणार की नाही हे तिला माहीत नव्हतं, तिला एवढंच माहीत होतं की शेजारीण सहा वाजता गेलीय. बघ, हा अख्खा सिद्धांत आहे! डायमंड आणि डिब्विग या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हेच लिहिलं की बँक चांगली असली तरी "बाकीचे पळतायत" या भीतीनेच ती बुडू शकते, आणि ठेवींना विमा असला की पळायची गरज उरत नाही. २०२२ ला नोबेल मिळालं, फेडरल रिझर्व्हचे माजी प्रमुख बर्नांकी यांच्याबरोबर. आत्याने ते वाचलेलं नव्हतं, ती ते जगत होती.

आता तुझ्या कामाचं. आपल्याकडे ठेवींवरचा विमा १ लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाला. एक तारीख, एक बदल, आधी आणि नंतर. लोकांनी सहकारी बँकेत ठेवायच्या रकमा बदलल्या का? एकाच घरात पावत्या ५-५ लाखांच्या तुकड्यांत नवरा, बायको, सासू यांच्या नावावर गेल्या का? कोविड लगेच दीड महिन्यात आला ही अडचण आहे, ती लपवू नकोस, प्रकरण म्हणून लिही. रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसमधून मोठे आकडे मिळतील, आणि साखळी-डिचोली-वाळपईत पन्नास-साठ घरं फिरलास तर जे हाती येईल ते मुंबईत बसलेल्या कुणाकडे नसेल. लोक पावत्या दाखवणार नाहीत म्हणा, त्यांना बँकेचं नाव विचारू नकोस, नुसते तुकडे विचार. आणि चहा घेतल्याशिवाय उठू नकोस.

प्रश्न : म्हापशाला बँकेत नोकरी करते. येत्या जुलैत २८ पूर्ण होतील. नोकरी सोडून दोन वर्षं फायनान्शियल इकॉनॉमिक्स करून इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा द्यायची असं मनात आहे. उशीर झाला का?

तुझं पत्र वाचून मी कॅलेंडर घेऊन बसले. दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे पदवीचं नाव. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या, म्हणजे आयईएसच्या, जाहिरातीत पात्रता लिहिलेली असते इकॉनॉमिक्स, अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनोमेट्रिक्समधली पदव्युत्तर पदवी. फायनान्शियल हा शब्द त्यात नाही. उलट रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाची, डीईपीआरची, ग्रेड बी भरती असते त्यात फायनान्शियल इकॉनॉमिक्स नावानिशी दिलेलं असतं. एका शब्दावर एवढं! म्हणून तुला खरंच आयईएस द्यायची असेल तर साधं इकॉनॉमिक्सच घे.

दुसरी गोष्ट वय. आयईएसला १ ऑगस्टला तीस पूर्ण झालेले चालत नाहीत. या जुलैत २८, आत्ता प्रवेश घेतलास तर कोर्स संपतो दोन वर्षांनी, आणि त्या जुलैत तुला ३० पूर्ण. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करता येतो, पण वय मोजतात ते त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला, म्हणजे काही दिवसांनी हुकतेस. सप्टेंबरात जन्मली असतीस तर एक चान्स होता, आईला काय बोलणार. ओबीसी दाखला असेल तर ३ वर्षं जास्त मिळतात, मग चित्र वेगळं. पत्रात ते लिहिलं नाहीस.

डीईपीआरला पण साधारण ३० च, पण बँकेत ऑफिसर म्हणून काम केलं असेल तर काही वर्षांची सूट मिळते. तू क्लार्क आहेस की ऑफिसर? त्यावर सगळं अवलंबून आहे. तोपर्यंत राजीनामा देऊ नकोस. बँकेकडे स्टडी लीव्ह मिळते का बघ, सर्व्हिस रूल्सचं पुस्तक कुणातरी जुन्या हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये असतं, मागून घे, आणि दाखला आहे का ते कळव. पुढच्या अंकात तुझ्यापासूनच सुरुवात करते.